मोहबोडीचा मंजूर अंधार

मोहबोडी गावातल्या उंदरांना वीज जाण्याचं वेळापत्रक गावकऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. साल दोन हजार सहा. भारनियमन हा शब्द तेव्हा लहान पोरंसुद्धा न अडखळता उच्चारत. दिवेलागणीची वेळ झाली की वीज जाई, आणि वीज गेली की मच्छीमार सहकारी संस्थेच्या गोदामात उंदीर कामावर हजर होत. तिथे जाळी ठेवलेली असत. नायलॉन खाऊन उंदराचं पोट कसं भरतं हे कुणाला कळलं नाही, पण ते कुरतडत मात्र निष्ठेने. सकाळी तलावात टाकलेलं जाळं वर ओढावं, तर रोहू आणि कतला भोकांतून सुखरूप परत गेलेले असत.

गाव भद्रावतीहून मोहर्लीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून थोडं आत होतं. तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की दूरवर वीज तयार करणाऱ्या चिमण्यांचा धूर दिसे, आणि गावाच्या डोक्यावरून जाड तारा गुणगुणत पुढे कुठेतरी जात. वीज आपल्या डोक्यावरून जाते याबद्दल गावाची तक्रार नव्हती. ती खाली उतरत नाही, एवढंच म्हणणं होतं.

गोदामाची किल्ली केवळरामकडे असे. पंचेचाळिशीचा, सडसडीत, भिडस्त स्वभावाचा माणूस. जाळं फाटलेलं निघालं की सभासद त्याच्याकडे असे पाहत, जणू त्यानेच रात्री बसून कुरतडलं. त्याने उपाय कमी केले नाहीत. औषध घालावं तर ते जाळ्याला लागून तलावात जाणार. मांजर पाळलं, पण मासे पकडणाऱ्यांच्या गावात मांजराने उंदीर खावा याला काही कारण नव्हतं. शेवटी चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेत फुगे फोडण्याचा खेळ मांडणाऱ्या एकाकडून त्याने जुनी एअरगन विकत आणली. धंद्याच्या सोयीसाठी तिची नळी किंचित वाकडी केलेली होती. केवळराम आठवडाभर सराव करून उंदराच्या मिशीच्या उजवीकडे नेम धरायला शिकला. उजेड असता तर उंदीर मेले असते. पण उजेड असता तर उंदीर आलेच नसते.

हा पेच सोडवला अयूबने. अयूबचा भद्रावतीत फोटो स्टुडिओ होता आणि तो साक्षगंधापासून वरातीपर्यंत सगळ्याचं शूटिंग करी. केवळरामच्या धाकट्या भावाच्या वरातीत घोडा बिथरला, अयूब पडला, आणि त्याच्या कॅमेऱ्याची टेप कायमची बंद झाली. कॅमेऱ्यातली अंधारात पाहायची सोय मात्र शाबूत होती. अयूबने कॅमेऱ्याचा डोळा आणि बोटभर पडदा काढून प्लास्टिकच्या पाइपात बसवला, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, आणि एअरगनवर एक सेकंडहँड दुर्बीण बसवून तिच्या मागे तो पाइप चिमट्याने अडकवता येईल असा केला. पुढे लावायला बंद पडलेल्या टीव्ही-रिमोटांमधले बारके बल्ब काढून एक टॉर्च बनवली. मोटरसायकलच्या बॅटरीवर सगळं चालू झालं. विलायती यंत्र घ्यायचं तर गोदाम विकावं लागलं असतं. हे भंगारात झालं.

"केवळभाऊ, हा उजेड तुमच्या डोळ्याले दिसत नाई," अयूबने समजावलं. "उंदराले बी दिसत नाई. सिरफ क्यामेऱ्याले दिसते."

"म्हनजे सरकारी उजेड म्हन ना," केवळराम म्हणाला.

त्या संध्याकाळी वीज गेल्यावर तो गोदामाच्या एका टोकाला पालथा पडून राहिला. पडद्यावर फिकट हिरवा उजेड, त्यात जाळ्यांचा ढीग, आणि ढिगावर एक गलेलठ्ठ उंदीर आपल्याच घरी बसल्यासारखा बसलेला. केवळरामने मिशीच्या उजवीकडे नेम धरला. मग दुसरा, मग तिसरा. पंधरवड्यात उंदरांनी गोदाम सोडलं. जाळी धड राहू लागली, मासे जाळ्यात राहू लागले, आणि केवळरामची पाठ ताठ झाली. चौकात लोक त्याला आधी रामराम घालू लागले. आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी नीट पार पाडलं असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळं बिघडलं ते तिथेच.

संस्थेने गोदामासाठी वीज मिळावी म्हणून अर्ज केलेला होता. केवळरामची मुलगी रीता त्या वर्षी दहावीला होती, म्हणून अर्जाखाली त्याने आपल्या हाताने एक ओळ वाढवली होती, की निदान परीक्षा होईपर्यंत गावाची संध्याकाळची वीज बंद करू नये. बराच काळ लोटल्यावर पाहणीसाठी कनिष्ठ अभियंता आले. भूपेशसाहेब तरुण होते, सभ्य होते, आणि गावात खरोखर अंधार आहे की नाही हे बघायला मुद्दाम अंधार पडल्यावर आले होते.

केवळरामची बायको गोकुळा त्याला निघताना म्हणाली होती, "साहेबाले फाटलेले जाळे दाखवा. बंदूक नका दाखवू."

केवळरामने जाळी दाखवली. पण साहेब चारचौघांत त्याच्याशी आदराने बोलले, खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला राहवलं नाही. त्याने एअरगन आणून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी डोळा लावला. काळ्याकुट्ट गोदामात त्यांना जाळ्याची गाठन्‌गाठ दिसली. भिंतीवरची पाल दिसली. पलीकडच्या टोकाला हात जोडून उभे असलेले सरपंच सोमाजी दिसले, आणि त्यांनी शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलेलंही दिसलं.

"दिसतं की," भूपेशसाहेब म्हणाले.

केवळरामला ती शाबासकी वाटली. तो निर्णय होता. अहवालात लिहिलं गेलं की सदर ठिकाणी अंधार आढळून आला, तथापि अंधारात दिसत असल्याचेही आढळून आले, सबब प्रकाशाची गरज सिद्ध होत नाही. अर्ज निकाली निघाला.

अहवाल वर गेला, आणि वर गेलेल्या गोष्टी तशाच खाली येत नाहीत. वर कुणीतरी हिशेब मांडला की एका गावाला उजेडाशिवाय दिसत असेल, तर बाकीच्या गावांना उजेडाची ही सवय लागली कशी. महिन्याभरात 'अंधार-स्वावलंबी ग्राम अभियान' जाहीर झालं आणि त्यात पहिलं गाव म्हणून मोहबोडीची निवड झाली. सरपंच सोमाजींना पुरस्कार, शाल आणि रस्त्यावर फलक मिळणार होता. त्यांनी ग्रामसभेत विषय मांडला तेव्हा शाल आधीच अंगावर पडल्यासारखे ते खांदे जपून बसले होते.

अट एकच होती. स्वावलंबी गावाने वीज वापरायची नाही. आधी फक्त संध्याकाळची बंद झाली. मग दिवसाची, कारण दिवसा सूर्य असतो. मग खांबांवरचे दिवे काढून नेले, कारण दिवे नसलेला खांब निरुपद्रवी असतो आणि दिवा असलेला खांब मोहात पाडतो. पिठाच्या चक्कीवाल्याने विचारलं की दळण कसं करायचं. त्याला सांगण्यात आलं की दिसण्याचा प्रश्न सुटलेला आहे, आणि दळण्याचा प्रश्न या अभियानाच्या कक्षेत येत नाही.

गावात यंत्र एकच, म्हणून ग्रामपंचायतीने घरोघरच्या पाळ्या लावल्या. पहिली पाळी सरपंचांची, दुसरी उपसरपंचांची, आणि पुढे बाकीच्यांची. केवळराम खांद्याला एअरगन आणि काखेत बॅटरी अडकवून अंधारात घरोघर फिरू लागला. कुणाची हरवलेली जोडवी त्याने नेम धरून शोधली. कुणाच्या भाजीत मीठ पडलं की राख, ते नेम धरून सांगितलं. आरोग्य उपकेंद्रातली नर्सबाई ताप आलेल्यांचा घसा याच यंत्राने तपासू लागली. रोग्याला तोंड उघडायला सांगावं लागत नसे. समोर बंदूक दिसली की तो आपणहून तोंड उघडी आणि हातही वर करी. बॅटरी उतरली की ती एसटीने भद्रावतीला अयूबकडे चार्ज व्हायला जाई, कारण अंधारात स्वावलंबी होण्यासाठी लागणारी वीज गावात नव्हती. कंडक्टर तिचं सामानाचं तिकीट फाडी.

रीताची पाळी आठवड्यातून दोनदा येई. दुर्बीण लांबचं पाहायला बनवलेली, त्यामुळे हाताशी धरलेल्या पुस्तकाचं तिच्यात नुसतं धुकं होई. म्हणून पुस्तक अंगणाच्या पलीकडच्या कुडाला टांगत, आणि रीता ओट्यावर पालथी पडून एअरगनला डोळा लावून वाचे. पान उलटायला पुस्तकापाशी कुणीतरी लागे. तिथे गोकुळा उभी राही.

एकदा केवळराम तलावावरून उशिरा घरी आला. अंगणात काही दिसत नव्हतं, फक्त पोरीचा आवाज येत होता. थोडं वाचून झालं की ती म्हणे, "उलट," आणि पान फडफडल्याचा आवाज येई. त्याने खाली वाकून पडद्यात पाहिलं. हिरव्या उजेडात गोकुळा पुस्तकाशेजारी ताठ उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, समोरचं काही दिसतही नव्हतं. पान फाटू नये म्हणून ती ते दोन बोटांनी धरून, आवाजाच्या दिशेने डोळे मोठे करून बघत होती. दुर्बिणीतली फुली बरोबर तिच्या गळ्यावर होती.

छर्रे पेटीत कुलूपबंद आहेत, नळी रिकामी आहे, हे केवळरामला ठाऊक होतं. तरी त्याने एअरगन पोरीच्या हातातून काढून घेतली आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो अयूबकडे गेला. अयूबला हसावं की रडावं कळेना. तो म्हणाला की चिमटा आहे तो कशासाठी, यंत्र बंदुकीवरून काढा, दुर्बिणीशिवाय नुसतं पुस्तकावर धरा, जवळचंही दिसेल. घरी येऊन केवळरामने तसं केलं. अक्षरं स्वच्छ दिसली. रीताने एका बैठकीत भूगोलाचा अख्खा धडा वाचला, आणि गोकुळा कितीतरी दिवसांनी खाली बसली.

ही बातमी सोमाजींना कळताच ते धावत आले. "केवळराम, तू माहा पुरस्कार बुडवतं काय रे," ते काकुळतीला येऊन म्हणाले. अभियानात मंजूर झालेला नमुना एअरगनसहित होता. एअरगन काढली तर नमुन्यात बदल होतो, बदल झाला तर फेरमंजुरी लागते, आणि पुरस्काराची तारीख तर ठरलेली. त्यांनी यंत्र परत बंदुकीवर चढवलं आणि चिमट्यावर लाखेची मोहर लावली. अयूबने दुसरं यंत्र बनवायची तयारी दाखवली, तेव्हा त्याच्या दुकानावर नोटीस आली की विनापरवाना अंधारात पाहण्याची साधनं तयार करणं जिल्ह्याच्या सुरक्षिततेस बाधक आहे.

पुरस्काराचा समारंभ भर दुपारी झाला. पाहुण्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून मांडव घातला, पंखे लावले, आणि पंख्यांसाठी जनरेटर आणला. मग सगळी मंडळी गोदामात गेली, दारं लावून अंधार करण्यात आला, आणि प्रमुख पाहुण्यांनी एअरगनला डोळा लावला. समोर रीताला पुस्तक धरून उभं केलं होतं. पाहुण्यांनी धड्याचं शीर्षक मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

मांडवात परत आल्यावर अभियानाचा जनक म्हणून केवळरामला दोन शब्द बोलायला सांगितलं. चार माणसांसमोर त्याची जीभ कधी उचलली नव्हती. त्याने माईक धरला, पहिल्या रांगेतल्या गोकुळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब, माही चूक झाली. मी बंदूक दाखवाले नको होती. आमाले दिसते म्हनून तुमी लिवलं, पन आमाले नाई दिसत. आमाले बंदूक नको. एकेका घराले एकेक बल्ब द्या."

 सोमाजींनी शाल घट्ट धरली. प्रमुख पाहुणे मात्र रागावले नाहीत. ते मायेने हसले आणि त्यांनी शेजारी बसलेल्या भूपेशसाहेबांना खुलासा करायला सांगितलं.

भूपेशसाहेबांनी खुलासा केला की हे यंत्र अंधारासाठी बनलेलं आहे. त्यावर उजेड पडला तर पडदा पांढराफटक होतो, काहीच दिसत नाही, आणि यंत्र बिघडूही शकतं. म्हणजे गावात बल्ब लावणं हे अभियानाच्या साधनाला इजा पोहोचवण्यासारखं आहे. ही बाब केवळरामने आज लक्षात आणून दिली याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले.

आभारामागोमाग आदेश आला. यंत्राच्या सुरक्षिततेसाठी गावात कंदील, चिमणी आणि मेणबत्ती यांवर बंदी घालण्यात आली. चुलीपुढे आडोसा सक्तीचा झाला. उजेडासाठी रॉकेल लागत नाही, म्हणून गावाचं रॉकेलही बंद झालं. चांदणं अभियानाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आलं.

एवढं सगळं ज्या यंत्रासाठी केलं, ते पुढच्याच आठवड्यात गावातून गेलं. आदर्श नमुना म्हणून त्याला मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मांडायचं होतं. एअरगन, दुर्बीण, पाइप, लाखेची मोहर, सगळं जीपमध्ये ठेवून नेलं. प्रदर्शनात ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि लोकांना नीट दिसावं म्हणून त्याच्यावर दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे सोडले.

आता मोहबोडीकडे वीज नव्हती, कंदील नव्हता आणि बंदूकही नव्हती. केवळरामने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि तो एसटीने चंद्रपूरला भूपेशसाहेबांच्या कार्यालयात गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. केवळरामने हात जोडून विचारलं, की पोरीची परीक्षा जवळ आली, या अभियानातून गावाला बाहेर पडता येईल का.

"येईल ना," साहेब म्हणाले. "गावात अंधार असल्याचं सिद्ध झालं पाहिजे."

"आहे नं साहेब अंधार."

"रेकॉर्डवर त्याच्यावर मात झालेली आहे. प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

"मंग या पाहाले."

"येऊ की. पण अंधारात आम्हाला दिसणार काय? पाहणी मंजूर यंत्रानेच करायची असते, आणि यंत्र प्रदर्शनात आहे."

केवळरामने चहा अर्धाच प्यायला. साहेब वाईट नव्हते, हे त्याला जास्त लागलं. वाईट असते तर घरी जाऊन शिव्या तरी देता आल्या असत्या. परतीच्या बसमध्ये तो खिडकीपाशी बसला. बल्लारपूरकडे जाणारे ट्रक, दुकानांच्या पाट्या, पेट्रोल पंप, सगळं झगमगत होतं. बस मोहबोडीच्या फाट्यावर थांबली तेव्हा खाली गाव आहे हे कंडक्टरला फक्त कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळलं.

फाट्यावर त्याच दिवशी पुरस्काराचा फलक उभा राहिला होता. भला मोठा, रेडियमच्या अक्षरांचा. त्याला स्वतःचा दिवा नव्हता, गाडीचा उजेड पडला की तो चमके. 'या गावाने अंधारावर मात केली आहे. आपणही वीज वाचवा.' बस वळताना अक्षरं चमकली आणि विझली. तेवढ्यात फलकाखालची जमीन, वाट आणि वाटेवरचं गवतही लख्ख दिसलं. पुढची गाडी येऊन अक्षरं पुन्हा चमकेपर्यंत केवळराम तिथेच उभा राहिला. मग घरी गेला आणि त्याने रीताला पुस्तक घेऊन चल म्हटलं. गोकुळाने निघताना पोरीच्या अंगावर जुनी शाल टाकली.

त्या हिवाळ्यात मोहबोडीची दहावीची सगळी पोरं रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसू लागली. गाडी धडधडत निघून गेली तर एखादी ओळ वाचून होई. गाडी फलक बघायला थांबली तर अर्धं पान. वाघ पाहायला मोहर्लीला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्या हमखास थांबत, म्हणून पोरं अवघड धडे शनिवार-रविवारसाठी राखून ठेवत.

तुम्हीही त्या हिवाळ्यात वाघ बघायला गेला असाल. नागपूर मागे पडल्यावर पोरांना खाऊ दिला असेल, रिसॉर्टवर गरम पाणी आहे ना, हे फोन करून विचारलं असेल. मोहबोडीच्या फाट्यावर तुमच्या गाडीच्या झोतात फलक चमकला आणि तुम्ही गाडी थांबवली. अंधारातून पाच-सहा पोरं पळत येऊन फलकाखाली मांडी घालून बसली. ती आपल्याला बघायला आली असं वाटून तुम्ही हात हलवलात. कुणी मान वर केली नाही, तेव्हा खेड्यातली पोरं लाजरी असतात असं तुम्ही बायकोला सांगितलंत. मग तुम्ही फलक वाचलात. दोनदा वाचलात. एवढ्याशा गावाने जे करून दाखवलं ते आपल्याला का जमू नये, असं तुम्हाला अगदी मनापासून वाटलं, आणि त्या गावाचा मान राखायचा म्हणून तुम्ही हात पुढे करून गाडीचे दिवे बंद केलेत.

रीताचं समीकरण तेव्हा अर्धं सोडवून झालं होतं.